विधवेच्या चटईतली बंदूक

रोज्यांचे दिवस होते. फिलिपिन्समधल्या लानाओ सरोवराकाठच्या घरात सोबाईदा संध्याकाळच्या जेवणासाठी कांद्याची पात, आलं आणि मिरच्या कुटत बसली होती. बाहेर दवंडीवाला ओरडत गेला, "आज सूर्य मावळायच्या आत बंदुका शाळेत जमा करा! उद्यापासून ज्याच्या घरात सापडेल, त्याचा निकाल लष्करी न्यायालयात. देहदंडसुद्धा होईल!"

देशात लष्करी कायदा लागून महिना होत आला होता. सोबाईदाचा हात थांबला. आतल्या खोलीत, तिच्याच झोपायच्या चटईत, दिराने बंदूक गुंडाळून ठेवली होती. त्या मुलखात कुळाकुळांची वैरं पिढ्यान् पिढ्या चालत. पुरुष मारायचे, मरायचे आणि हत्यारं दडवायची विधवांच्या अंथरुणात. तिथे परका पुरुष हात घालत नाही, असा रिवाज. पण शहरातून आलेल्या सैनिकांना हा रिवाज कोणी शिकवला होता?

दीर अमेरोल पायऱ्या चढून आला. हातातली पावती नाचवत म्हणाला, "दिली बाबा एक गंजकी! चाप ओढला असता तर माझंच बोट गेलं असतं. चांगली राहू दे तुझ्याकडे, वहिनी."

"भावोजी, पावतीवर नाव कुणाचं?"

"माझं."

"आणि हे घर कुणाच्या नावावर?"

"नासिफच्या. आता तोच कर्ता ना."

"म्हणजे झडती झाली की तुम्ही पावती दाखवणार, आणि माझं एकोणीस वर्षांचं पोर गोळ्यांसमोर उभं राहणार."

अमेरोल लालबुंद झाला. "भावाच्या खुनाचा बदला बाकी आहे. बंदूक गेली तर कुळाची अब्रू गेली. मग समोरचे नासिफला मारायला आले, तर आमच्या दारात रडत यायचं नाही!"

"तुमच्या भावाच्या उशाशी हीच होती. वाचले का ते?"

सोबाईदा आतल्या खोलीत गेली. तिने चटई उलगडली, नळीला पांढरं फडकं बांधलं आणि बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून ती पायऱ्या उतरली. नासिफ आडवा आला. "आई, मी नेतो."

"तू हात लावायचा नाहीस. जन्मात कधी लावायचा नाहीस."

शाळेच्या फाटकात पहारेकऱ्याने तिच्यावर नेम धरला. त्याची बंदूक खाली येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. आत अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला. तिने अंगठा उठवला.

परतताना अमेरोलची माणसं रस्त्याकडेला पाठ फिरवून उभी होती. एकानेही तिला ओळख दिली नाही. सरोवरापलीकडून गोळीबाराचे आवाज येत होते. सूर्य डोंगराला टेकत आला होता.

शेजारची मोनारा दारात होती. तिचाही नवरा याच वैरात गेलेला. तिने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि हळूच विचारलं, "सोबाईदा, रांग मोठी आहे का गं?"

"कोणीच नाही," सोबाईदा म्हणाली. "काढ बाहेर. मी येते बरोबर."