फिरवून नेणारं विमान

"हा आपल्याला फिरवून नेतोय," मीटरकाका बायकोच्या कानाशी लागून म्हणाले.

समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान समुद्रावरून सरळ जायचं सोडून वर, पार बर्फापर्यंत चढलं होतं. जन्मभर टॅक्सी चालवलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटणार कसं? स्टँडवर त्यांना मीटर म्हणायचे, कारण जगातली कुठलीही गोष्ट ते लांब की जवळ यावरच तोलत. सासुरवाडी लांब पडते, ही कुरकुर त्यांनी बोहल्यावरच सुरू केली होती.

"अहो, हळू. पायलटला ऐकू जाईल."

"जाऊ दे. गिऱ्हाईक नवखं दिसलं की फिरवायचं, हे मला माहीत नाही होय?"

"म्हणजे तुम्हीही फिरवायचात?"

यावर काकांना खोकला आला.

एरवी त्यांनी सोडूनही दिलं असतं. पण सकाळी आठला तिकडे लेकीला डोक्याच्या ऑपरेशनसाठी आत नेणार होते. ती शुद्धीत असताना भेटायचं, एवढ्यासाठी दोघं पहिल्यांदाच उडाले होते. बारा हजार किलोमीटर, चौदा तास. विमान टेकणार सहाला. त्यात हा वळसा.

शेवटी त्यांनी हवाईसुंदरीला बोलावलंच. "बाई, सरळ रस्ता बंद आहे का?"

"काका, जवळचा रस्ता हाच."

"असं मीही सांगायचो."

ती हसून पुढे गेली. काकू लेकीसाठी मऊ टोपी विणत होत्या. तिचे केस आधीच काढले होते. त्यांनी लोकरीचा गुंडा नवऱ्याच्या हातात दिला.

"दोन्हीकडून एकेक बोट लावून मध्याच्या जरा वर धरा. हे बोट आपलं घर, ते बोट तिचं. आणि हा तुमचा सरळ रस्ता." त्यांनी एका बोटापासून दुसऱ्यापर्यंत धागा आडवा लावला, आणि ओढला.

धागा आपणहून वर सरकला, गुंड्याच्या माथ्याकडे गेला आणि तिथे ताठ बसला. बोटभर धागा काकूंच्या हातात उरला.

"एवढा वाचला," त्या म्हणाल्या.

काका त्या उरलेल्या धाग्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खिडकीची झडप वर सारली.

खाली बर्फ. रस्ता नाही, सिग्नल नाही, वळायला कोपरा नाही. नजर पोचेल तिथवर पांढरं, आणि त्यावर मावळायचं नावच न घेणारा सूर्य. पृथ्वी गोल असल्याचं शाळेत पाठ केलं होतं; पटायला हे वय उजाडलं.

"अगं," ते हलकेच म्हणाले, "आपण पृथ्वीच्या माथ्यावरून चाललोय."

काकूंच्या हातातली टोपीही माथ्याशी आली होती. त्या एकेक टाका कमी करत होत्या. तेवढ्यात गुंडा मांडीवरून घरंगळला. उचलायला वाकल्या, तर नवऱ्याचा उजवा पाय पुढच्या सीटखाली दिसला. टाच टेकवून, चवडा खाली दाबलेला, टॅक्सीत असायचा तसा. अगदी तळाला लागेपर्यंत.

काकूंनी गुंडा त्या पायाजवळून अलगद बाजूला ओढून घेतला, मध्ये येऊ नये म्हणून.