समोरून येणारी बस

रविवार ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा माझ्या घरी पाठवा. सहा दिवस मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत उभ्यानं चादरींना इस्त्री करते. सातव्या दिवशी पाय म्हणतात, बाई, आता तरी आडवी हो. आणि सकाळी सातला दोन पोरी उरावर बसून विचारतात, "आई, आज कुठे जायचं?"

कुठे जायचं! जायला काय, अख्खी दुनिया पडलीये. पण चौघं बाहेर पडलो की दारापासूनच पैसे सुटायला लागतात. म्हणून तिकीट नसलेल्या जागा आम्ही एकेक करून संपवल्या. बाग झाली. लायब्ररी झाली, तिथे धाकटीनं, म्हणजे आमच्या सहा वर्षांच्या बबडीनं, गळा फाडून गाणं म्हटलं, तेव्हापासून तिथल्या बाईंना तोंड दाखवायची सोय राहिली नाही. फर्निचरच्या मोठ्या दुकानात जाऊन मांडलेल्या खोल्यांतून घर-घर खेळलो. तिसऱ्या खेपेला मला तिथल्या पलंगावर डुलकी लागली. सेल्समन येऊन म्हणतो कसा, "मॅडम, गादी आवडली का?" आवडली रे बाबा, न आवडायला काय झालं! त्यानंतर तेही दुकान बंद.

उरली बस. माझा नवरा बस चालवतो. ड्रायव्हरच्या घरच्यांना रविवारी बसमध्ये तिकीट नाही, एवढा एकच मान त्या नोकरीनं आम्हाला दिलाय. तर तो तरी का सोडा? गेलं वर्षभर आम्ही दर रविवारी घराजवळच्या स्टॉपवर चढतो आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो. तिथे एक बाग आहे, घसरगुंडी आहे, दोन झोपाळे आहेत. घरनं नेलेला पाव आणि उकडलेली अंडी खायची, पोरींना खेळू द्यायचं, उन्हं उतरायच्या आत परत फिरायचं.

नवऱ्याची कीवही येते. सहा दिवस माणूस त्याच रस्त्यावर गाडी हाकतो आणि सातव्या दिवशी त्याच गाडीत मागे बसून तोच रस्ता बघतो. बसतो तोही धड नाही. समोर कोणी आडवं आलं की याचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबतो. मी म्हणते, "अहो, सुट्टी आहे तुमची, पायाला पण सांगा." हसतो नुसता. घुम्या आहे. दिवसभरात त्याच्या तोंडून जेवढे शब्द बाहेर पडतात तेवढे बबडी दात घासताना बोलते.

बसमध्ये पोरी गप्प बसाव्यात म्हणून यानंच एक खेळ काढला होता. सगळ्यात पुढच्या बाकांवर बसायचं आणि समोरून येणाऱ्या बसच्या पाटीवरचा नंबर आधी कोण वाचतो ते बघायचं. जो हरेल त्यानं बागेपर्यंत पिशवी उचलायची. सुरुवातीला हा माणूस कुणाला जिंकू द्यायचा नाही. बस वळणावरून नुसतं नाक काढायची आणि हा म्हणायचा, "सत्तावन्न." पोरी भांडायच्या, "बाबा चीटिंग करतात!" मग थंडीच्या दिवसांत कधीतरी तो हरायला लागला. मला वाटलं, पोरींसाठी हरतोय. मी एकदा बजावलंसुद्धा, "एवढे लाड नकोत, उद्या डोक्यावर मिऱ्या वाटतील." तेव्हाही हसला. पिशवी खांद्याला लावून चालायला लागला.

त्या रविवारी माझं अंग आंबून गेलं होतं. शनिवारी आमच्याकडची एक बाई आली नव्हती, तिच्याही चादरी माझ्याच माथी. बसमध्ये बसले आणि पहिल्यांदा चपला काढल्या. पलीकडच्या बाकावर तो, त्याच्या एका बाजूला बबडी, दुसऱ्या बाजूला थोरली. थोरली दहा वर्षांची आहे, पण बोलणं असं की मी तिची आई नसून सून आहे असं वाटतं.

खेळ सुरू झाला. पहिली बस दिसायच्या आधीच नवरा म्हणाला, "बारा." समोरून आली एकोणसत्तर. चांगली ढळढळीत पाटी, माझ्यासारख्या अर्धवट झोपलेल्या बाईनंही वाचली. बबडी टाळ्या पिटत ओरडली, "चुकले! बाबा चुकले!"

"बरं," तो म्हणाला. "आता सत्तावन्न येईल बघ."

आली बारा.

तेवढ्यात आमच्या बसच्या ड्रायव्हरनं मान वळवून त्याला सांगितलं, "अरे, पुलाचं काम काढलंय आजपासून. सगळ्या गाड्या फिरवल्यात, कुठली कधी येईल काही भरवसा नाही."

नवऱ्यानं मान डोलावली. पुढची बस दिसली तेव्हा तो गप्प राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. डोळे बारीक केले त्यानं, मान किंचित तिरकी केली, कोंबडी दाणा बघते तशी. बस अगदी समोर आली तेव्हा म्हणाला, "तीस."

ती छत्तीस होती. मी वाचली, बबडीनं वाचली. आणि थोरली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बरोबर, बाबा. तीसच होती."

माझी झोप खाडकन उडाली. हा माणूस इतके दिवस पाटी वाचतच नव्हता. वेळापत्रक पाठ आहे, कुठल्या वळणावर कुठली गाडी भेटते ते ठाऊक, त्या अंदाजानं नंबर सांगत होता. अंदाज बरोबर आला की जिंकायचा, चुकला की हरायचा. आज गाड्या फिरवल्या आणि पितळ उघडं पडलं. आणि माझ्या पोरीला हे आधीपासून माहीत होतं.

बागेत पोचल्याबरोबर पोरी घसरगुंडीकडे पळाल्या. बाकावर बसलो तशी मी म्हणाले, "कधीपासून?" एरवी मी नवऱ्याला अहोजाहो करते, पण राग आला की सुटतं. "बोल ना. कधीपासून दिसत नाहीये तुला?"

तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "दिसतं. कडेचं दिसतं. मधलं पुसट होतं."

"मग चष्मा लाव! जगात काय चष्मे संपलेत?"

"डॉक्टरला दाखवलं. चष्म्यानं भागणार नाही म्हणाला. हळूहळू वाढत जाणार."

"आणि तरी तू रोज गाडी काढतोस?"

"अकरा वर्षं त्या रस्त्यावर आहे मी," तो म्हणाला. "खड्डान् खड्डा माहितीये. डोळे मिटून सांगतो कुठे काय आहे. रस्ता पाठ आहे मला."

"रस्ता पाठ आहे. त्याच्यावरून चालणारी माणसं पाठ आहेत का?"

त्यानं बोटाचा बंद सोडला आणि परत गुंडाळला. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात घराचं भाडं आणि माझा पगार एकमेकांशेजारी उभे करून पाहिले. ते शेजारी उभेच राहीनात. गाडी सुटली तर याला ऑफिसात बसवतील, नाहीतर घरी बसवतील. घुम्या माणूस घरी बसला तर भिंत होईल.

"पण दरवर्षी डोळे तपासतात ना तुमचे?" मी विचारलं. "गेल्याच महिन्यात झाली की तपासणी. पास कसा झालास?"

"मी केलं पास," मागून आवाज आला. थोरली. कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. चेहऱ्यावर पहिला नंबर आल्यासारखं तेज. "बाबांनी त्या तक्त्याचा फोटो आणला होता, आई. अक्षरांचा. मी रोज त्यांचं पाठांतर घ्यायचे. सरळ पण आणि उलटं पण. तू दुपारी झोपायचीस ना तेव्हा. एक पण चूक नाही झाली!"

माझ्या अंगाचा असा भडका उडाला की सांगता सोय नाही. स्वतः खड्ड्यात जायचं तर जा म्हणावं, पोरीला हाताला धरून कशाला नेतोस? दहा वर्षांचं पोर, तिला वाटतंय आपण बापाला मदत केली! मी म्हणाले, "लाज नाही वाटली तुला?"

"वाटली," तो म्हणाला. "रोज वाटते."

थोरलीचं तेज गेलं. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, "जा, बबडीकडे लक्ष दे." ती गेली, पण चार पावलांवर जाऊन थांबली.

"पोरींच्या परीक्षा होईपर्यंत," तो हळू म्हणाला. "दोन महिने. सांभाळून चालवीन. मग सांगतो डेपोत, शपथ."

आणि मी हो म्हणणार होते. लपवून काय करू? दोन महिने म्हणजे काय मोठंसं, आजवर काही झालं नाही ना, असं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. थकलेल्या माणसाला सोपं तेच खरं वाटतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात तो ताडकन उठला आणि घसरगुंडीकडे बघून ओरडला, "बबडे, हळू! दांडा धर! दोन्ही हातांनी धर!"

घसरगुंडीच्या टोकावर पिवळ्या फ्रॉकातली एक मुलगी उभी होती. तिची आई खाली हात पसरून थांबली होती. ती बाई वळून आमच्याकडे बघायला लागली, हा कोण दुसऱ्याच्या पोरीवर ओरडतोय म्हणून.

बबडी केव्हाच परत येऊन माझ्या पायाशी बसून अंडं सोलत होती. तिचाही फ्रॉक पिवळाच. तिनं वर बघितलं. "मी इथे आहे, बाबा," ती म्हणाली.

तो सावकाश खाली बसला. त्यानं बबडीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. बबडीला वाटलं अंडं मागतायत. तिनं अर्धं तोडून दिलं. ते त्यानं खाल्लं, हात रुमालाला पुसले आणि म्हणाला, "चला. वाटेत डेपोत उतरू."

"आज?" मी म्हणाले. "रविवारी?"

"उद्या पहाटे पहिली गाडी माझी आहे," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये कोणी नंबर वाचले नाहीत. बबडी माझ्या मांडीवर झोपली. थोरली खिडकीला नाक लावून बसली होती. मी दोनदा तिला जवळ ओढायला गेले, तिनं खांदा काढून घेतला. तिच्यावर कोणी रागावलं नव्हतं, पण तिला तसं कोण सांगणार? मलाच बोलायचं त्राण नव्हतं.

डेपोत रविवारची सामसूम होती. धुतलेल्या बसगाड्यांखाली पाणी साचलं होतं. टाइमकीपर खिडकीमागे एकटाच बसून उद्याच्या ड्युट्या लावत होता. आम्हाला चौघांना पाहून म्हणाला, "वा, वरात घेऊन? काय काम काढलंस सुट्टीच्या दिवशी?"

"उद्या माझ्या गाडीवर दुसरा माणूस टाक," नवरा म्हणाला.

"का रे? ताप-बिप?"

"ताप नाही. मला दिसत नाही नीट. थंडीपासून."

टाइमकीपर हसला. मग त्याच्या लक्षात आलं की समोर कोणीच हसत नाहीये. "काहीतरीच काय! गेल्या महिन्यात तर पास झालास. कागद माझ्याकडेच आहे."

"तक्ता पाठ करून गेलो होतो. लिही तसं. मी सही करतो."

टाइमकीपरच्या हातातलं पेन थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तो खुर्ची सरकवून उभा राहिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अरे गाढवा, साठ माणसं बसतात तुझ्या मागे! ही असली अक्कल तुला दिली तरी कोणी?"

नवरा मान खाली घालून उभा राहिला. तेव्हा थोरली मला ढकलून पुढे झाली. खिडकी तिच्या नाकापर्यंत येत होती. तिनं टाचा उंचावल्या, दोन्ही हातांनी कठडा धरला.

"मी घेतलं होतं पाठांतर, काका," ती म्हणाली. "त्यांना काढू नका ना. माझंच कुठेतरी चुकलं असेल. पुढच्या वेळी मी अजून नीट घेईन."

तीन मोठी माणसं होतो आम्ही तिथे, आणि तिला काय सांगायचं ते एकालाही सुचेना.