मागचा हात

“पास की नापास, तेवढं सांगा भागीबाई,” बागेचा मालक शेखर म्हणाला. त्याच्या मागे ओळीच्या टोकाला विरळणीचं नवं यंत्र उभं होतं. सकाळपासून अडीच ओळी उरकून त्याच्या अंगावर घाम नव्हता की मानेला कळ नव्हती.

भागीबाईंनी घड हातात धरून फिरवला. दिंडोरीजवळच्या या द्राक्षबागेत विरळणीला त्या सतरा वर्षं हरसूलहून येत होत्या. घडातले दाटीचे मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले नीट फुगतात. दरसाल बारा बायांची टोळी यायची. यंदा जीपमध्ये त्या एकट्याच होत्या, त्याही यंत्राचं काम तपासायला.

टोळीतली चंद्रभागा मात्र गाठोडं बांधून जीपपाशी आली होती. यंदा बोलावणं नाही हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. “शेखरभाऊंना सांगून दोन दिसांत बोलावते तुला,” असा शब्द भागीबाई देऊन बसल्या. जीप वळेपर्यंत ती गाठोड्यावर बसलेली दिसत होती. त्याला आज चार दिवस झाले.

आता यंत्र नापास झालं, की टोळी येणार होती. काहीतरी खोट काढायची, बस्स. पण काढणार कुठून? घडाचे खांदे मोकळे, शेंडा बेताचा छाटलेला. अगदी त्यांच्याच हातचा घड. असणारच की! गेल्या वर्षी शेखरनं बारा दिवस त्यांच्या डोक्याला कॅमेरा बांधला होता, आणि ते बघूनच यंत्र शिकलं होतं. “असा हात जिल्ह्यात नाही,” म्हणाला होता, आणि बाई हरभऱ्याच्या झाडावर चढल्या होत्या.

मग देठाजवळ चिणलेला एक मणी दिसला. पुढच्या घडालाही तिथेच होता. त्याच्या पुढच्यालाही.

“हे बघा भाऊ! परत्येक घडाला हा मणी सोडलाय. हा फुगला का शेजारचा फोडंल, अन् घड नासवंल. नापास!”

शेखर हसला नाही. त्यानं मोबाइल पुढे धरला. “आम्हीही पाहिलं ते. पण हा व्हिडिओ तुमचाच आहे.”

पडद्यावर त्यांचाच डावा हात होता. विळा लागून वाकडं झालेलं बोट देठापाशी टेकायचं आणि त्याच्या आडोशाला एक मणी राहून जायचा. दर वेळी. मग सतरा वर्षं असा एकही घड नासला कसा नाही?

व्हिडिओत मागून चंद्रभागेचा आवाज येत होता. “तांबडी खुडूक बसली गं. बारा अंडी ठेवली तिच्याखाली.” आणि बोलता बोलता कात्रीचं कट्. मग पुन्हा कट्. टोळीची रीतच तशी. एक पुढचा हात, एक मागचा. पुढचा भागीबाईंचा, मागचा चंद्रभागेचा. “तुला काय, मागं राहून निसत्या गप्पा हाणायच्या!” असं त्या तिला सगळ्यांदेखत चिडवायच्या. तीही हसायची. राहिलेल्या मण्याबद्दल मात्र कधी एका शब्दानं बोलली नाही.

“भाऊ, तो मणी चंद्रभागा काढायची,” भागीबाई म्हणाल्या. “तिला बोलवा. यंत्रामागं तीच पायजेल.”

“मागे एक माणूस लागणार, हे खरं,” शेखर विचार करत म्हणाला. “पण तुम्ही आहात ना! एकीचंच काम आहे, मावशी. दोघी कशाला?”

मग मी जाते, तिला आणा, हे अगदी ओठांवर आलं. पण घरची चूल त्यांनाही होती. स्वतःची लाज वाटत त्यांनी कमरेची कात्री काढली.

दुपारी यंत्र चौथ्या ओळीत शिरलं. ते पुढे आणि भागीबाई मागे. घड फिरवायचा, तो एक मणी काढायचा, पुढच्या घडाला जायचं. मागच्या हाताला काम थोडं आणि वेळ फार. गप्प राहून तो सरत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

“तांबडीची पिलं किती जगली, इचारायचंच राहिलं बघ,” त्या मोठ्यानं म्हणाल्या.

चंद्रभागा मागून बोलायची तेव्हा भागीबाई निदान ‘हं’ तरी म्हणायच्या. यंत्र पुढच्या वेलाकडे सरकलं.