चौकटींना मॅटच

चिखलीतला फ्लॅट माझा, पण टाइल्स भावाने निवडल्या आणि पडदे आईने. निदान दारांच्या चौकटी तरी माझ्या मनासारख्या व्हाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. अक्रोडी स्टेन लावून झाला होता, वरून पारदर्शक पॉलिश तेवढं बाकी होतं. मला मॅट हवं होतं, बिनचमकीचं. लाकडात तोंड कशाला दिसायला हवं?

पण अण्णा आडवे आले. माझ्या वडिलांची सगळी नोकरी गाड्यांच्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये तपासणी करण्यात गेली. बॉनेटमध्ये ट्यूबलाइट सरळ दिसली की गाडी पास, वाकडी दिसली की परत. रिटायर झाल्यापासून ते शेजाऱ्यांची कपाटंसुद्धा नापास करत होते. पॉलिशवाल्या समाधानने नमुन्याचा तुकडा दिला, तो त्यांनी मोबाइलच्या उजेडात तिरका धरला.

"नापास. उजेड दिसतच न्हाई यात."

"अण्णा, दिसू नये म्हणूनच तर मॅट!"

"भिवाकाका, मधलं काहीतरी करू का? सेमी-ग्लॉस?" समाधानने अण्णांना विचारलं.

"नाही!" आम्ही दोघंही ओरडलो.

आठवडाभर हेच. चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून मी यावं आणि पुन्हा तोच वाद घालावा. शेवटी माझं डोकं फिरलं. "घर माझं आहे, मॅटच लागेल," असं तोंडावर सांगून टाकलं. अण्णांनी नमुन्याचा तुकडा समाधानला परत दिला. मला वाईट वाटलं, पण राग गेला नव्हता.

मॅट लागलं आणि सुरेख दिसलं. वाळल्यावर अण्णा आले, मोबाइलचा उजेड टाकत एकेक चौकट पाहिली आणि रंगाच्या पालथ्या डब्यावर बसले.

"आता काय झालं?" मी वैतागून विचारलं.

"यात दोष दिसतच न्हाई गं. सगळं सारखंच. मग मी काय बघू?"

भांडायची पूर्ण तयारी करून उभी होते मी. इतके दिवस चमकेवरून डोकं पिकवलं, आणि या माणसाला हवं होतं काम.

"मग हाताने बघा," मी म्हणाले.

अण्णा उठले. चौकटीवरून सावकाश बोटं फिरवत गेले आणि बिजागरीच्या वर थांबले.

"इथं दाणा हाय. ओल्यावर धूळ बसलीय. समाधानभाऊ, ही परत घासावी लागंल."

समाधानने कपाळाला हात लावला. मी बोट फिरवून पाहिलं, मला काहीच लागलं नाही. सामानाचा टेम्पोसुद्धा उद्याचाच सांगून ठेवला होता मी.

"घासा," मी समाधानला म्हणाले.