मधल्या ढिगातली कांडी

भंगाराच्या वखारीत सगळे तिला पारखीण म्हणत. तुकडा ऐरणीवर ठेवायचा नि हातोडीचा एकच घाव घालायचा, ही तिची रीत. खणकन वाजून चपटा झाला तर धातू, तो डावीकडे. बद्द आवाज होऊन भुगा झाला तर गंधक, कोळसा, असलं अधातूंचं खानदान, ते उजवीकडे. आणि चांदीसारखं चमकूनही काचेसारखं फुटलं, की मधल्या ढिगात. तिथे सिलिकॉनच्या मनगटाएवढ्या जाड कांड्या पडलेल्या असत. दिसायला पोलाद, वागायला काच. नवखा माणूस हमखास फसायचा.

आज ऐरणीपाशी तिची लेक बसली होती. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. तीन वर्षांत दोनदा ती अशीच पळून आली होती आणि नवऱ्याने चार टिपं गाळताच दोन्ही वेळा मुकाट्याने परत गेली होती. या खेपेला गेली तर पुढच्या वेळी तिचं मढंच येणार, हे पारखिणीला स्वच्छ दिसत होतं.

"आता नाही ना जाणार?" तिने विचारलं. लेक फाटलेला ओठ पदराने टिपत राहिली.

तेवढ्यात लाथेने फाटक उघडलं. जावईबापूंची स्वारी आली होती.

"चल घरी!"

"ती येणार नाही," पारखीण म्हणाली.

"तुला कोणी विचारलं, म्हातारे?"

त्याने मधल्या ढिगातली सगळ्यांत चकचकीत कांडी दोन्ही हातांनी उचलली. लोखंड असतं तर इतकं हलकं लागलं असतं का? पण डोकं फिरलेल्या माणसाला वजन कुठून कळणार! त्याने ती बायकोच्या डोक्यावर हाणली. पण पारखिणीने डावीकडच्या ढिगातला तांब्याचा जाड पत्रा झटकन मध्ये धरला होता. पत्रा वाकला, त्याला पोचा पडला, पण तो फाटला नाही. कांडीच्या मात्र ठिकऱ्या उडाल्या आणि त्याच्या गालांत, कपाळात, डोळ्यांत घुसल्या.

तो गुडघ्यांवर कोसळला. बोटांमधून रक्त गळायला लागलं.

"माझे डोळे! ये गं, तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

झालं! लेक पाण्याचं भांडं घेऊन धावलीच. पारखिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लेक त्याचं तोंड पुसत होती. त्याने चाचपडत उजव्या हाताने तिचे केस पकडले आणि तिचं कपाळ ऐरणीवर आपटलं. पुन्हा आपटायला तिचं डोकं वर खेचणार, तोच त्या मनगटावर हातोडी पडली. हाड ना खणकलं, ना वाकलं. कडकन मोडलं. तो गुरासारखा ओरडत आडवा झाला.

पारखिणीने हातोडी खाली ठेवली नाही. लेक आता पुन्हा त्याच्याच गळ्यात पडणार, हीच तिला भीती होती.

लेकीने डोळ्यांवर आलेलं रक्त पुसलं. उरलेल्या हाताने फरशी खरवडणाऱ्या नवऱ्याकडे ती क्षणभर बघत राहिली.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "हा डावखुरा आहे."

आणि तो हात तिने स्वतःच ओढून ऐरणीवर दाबून धरला.