लिंबाखालची वीणा

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसा हवं तर, पण कान इकडं द्या. कीर्तनाच्या बुवांची गाडी मांजरसुंब्याला पंक्चर झाली आहे, त्यांना यायला अजून घटकाभर तरी लागेल. तोवर मी एक गोष्ट सांगतो. पाखराची आहे, झाडाची आहे आणि एका बाईची आहे. मी ती ऐकलेली नाही, टाळ हातात घेऊन तिच्यात बसलो होतो.

आमची कॉलनी इथं बीडमध्येच, सूतगिरणीच्या कामगारांनी सहकारी संस्था काढून वसवलेली. गिरणी बंद पडली, संस्था राहिली. घरांच्या मधोमध बारा गुंठ्यांची बाग आहे. बाग म्हणजे दोन मोडके झोके, एक उंबर, चार गुलमोहर आणि एक जुना लिंब. तिघांनी हात धरले तर त्याच्या बुंध्याला जेमतेम वेढा पडेल एवढा. त्या वर्षीच्या दुष्काळात बिंदुसरा नदीनं तळ दाखवला होता, टँकर बारा-बारा दिवसांनी यायचा. गुलमोहर वाळून गेले. लिंब तेवढा हिरवा होता, आणि शहरातली निम्मी पाखरं त्याच्यावर उतरायची.

त्या पाखरांकडं बघत भामाबाई बसायची. तात्याबा फिटरची बायको. माहेर लिंबागणेशकडचं, मेंढरं वळणाऱ्यांचं, त्यामुळं नजर रानातली. तात्याबा गेल्यावर ती रोज सकाळी भांडी विसळलेलं पाणी घमेल्यात घेऊन यायची, उंबराच्या बुडाशी ओतायची आणि लिंबासमोर बसायची. बायका म्हणायच्या, म्हातारी पाखरांची हजेरी घेते. ती म्हणायची, घेते, कुणीतरी घ्यायला पाहिजे.

मी हरिपाठ आटोपून तिकडूनच घरी जायचो. एकदा तिनं मला थांबवलं, टाळ पिशवीत ठेवायला लावला आणि लिंबाच्या ढोलीकडं बोट केलं. मला ढोली दिसेना. तोंड मातीनं लिंपल्यासारखं बंद झालं होतं, मध्ये नुसती बोटभर फट. तेवढ्यात राखी रंगाचं, वाकड्या चोचीचं, कपाळावर शिंग असलेलं एक पाखरू फांदीवर उतरलं आणि त्यानं त्या फटीतून आत उंबर दिलं. आतून एक चोच आली आणि घेऊन गेली.

"धनेश हाय," भामाबाई म्हणाली. "मादी आत बसलीय. अंडी घालायची म्हणून सोताच दार लिंपून घेतलं तिनं. पिल्लं मोठी होईस्तवर बाहेर येत न्हाई. नर आणील तेवढंच खायचं."

मी विचारलं, नराला काही झालं तर? ती बोटांवर त्याच्या खेपा मोजायला लागली. त्या दिवशी दुपारपर्यंत तो चौदा वेळा आला. उंबरावर फळं फार नव्हती, लांब खंडेश्वरीच्या देवळाच्या बाजूनं आणायचा. दुसऱ्या दिवसापासून मीही मोजायला लागलो.

आता माझीही चूक सांगतो. आमच्या संस्थेत एक वाईट रीत होती. सभेला आलं की दारातच चहाचा कप हातात आणि प्रोसिडिंगच्या वहीवर सही. ठराव नंतर लिहिला जायचा. सगळे ओळखीचे, कोण कशाला वाचत बसतंय? तशीच सही मी केली, भामाबाईनंही केली. चैत्रात सेक्रेटरी बद्रीनाथनं ठराव फळ्यावर लावला तेव्हा कळलं, की बागेत कीर्तनासाठी सभामंडप बांधायचा आणि त्यासाठी लिंब तोडायचा, असं आम्ही सर्वानुमते ठरवलं आहे. अक्षय्य तृतीयेला पुढारी नारळ फोडायला येणार होते. त्याआधी जागा मोकळी हवी.

खोटं कशाला बोलू, मंडप मलाही हवा होता. गेली वीस वर्षं आम्ही कीर्तनाला उन्हात बसत होतो.

भामाबाई चेअरमनकडं गेली, सोबत मला नेलं. चेअरमन अर्जुनराव म्हणजे चौसाळ्याकडचे जमीनदार, माळकरी, बोलायला गोड. त्यांनी वही उघडून तिचीच सही दाखवली. ती म्हणाली, सही माझीच हाय, पण तवा पान कोरं होतं. अर्जुनराव हसले. म्हणाले, मावशी, माणसाला प्यायला पाणी न्हाई आन् तुमी पाखराचं घेऊन बसलात. मंडप देवाचाच हाय की.

"मग सरकवा ना पलीकडं, झोक्यांच्या कोपऱ्यात," ती म्हणाली. "न्हाईतर दीड महिना थांबा. देवाला कुठं घाई हाय?"

पुढाऱ्यांची तारीख ठरली होती. अर्जुनराव थांबायला तयार नव्हते.

बाहेर आल्यावर तिनं डोळ्याला पदर लावला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. तिनं मला विचारलं, सप्ताहाला किती टाळकरी लागतात. मी म्हटलं, कावून, कशाला? तर म्हणाली, लिंबाखाली बसवायचा हाय, तारखेच्या आधी. दुसऱ्याच दिवशी तिनं हे अर्जुनरावांच्या तोंडावर सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांना वाटलं, भूमिपूजनाआधी सप्ताह, म्हणजे शोभाच. त्यांनी खुशीनं कर्णे पाठवले. भामाबाईनं ते परत पाठवले, पाखरू बुजेल म्हणून. बद्रीनाथ कुरकुरला, बाईमाणसानं वीणेच्या पहाऱ्याला उभं राहायचं का? ती म्हणाली, वीणेला विचारून सांगा.

ज्यांनी सप्ताह पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकजण गळ्यात घेऊन उभा राहतो, दोन तासांनी दुसरा येतो, एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा पुढं जाते. दुसरा आला नाही तर पहिल्यानं पहाऱ्यावरून हलायचं नाही. आणि समोर आलेली वीणा माळकऱ्यानं नाकारायची नाही. आमच्याकडं तरी आजवर कुणी नाकारली नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी लाकूडतोडे आले. मुकादम सुग्रीव, त्याची चार माणसं, मशीनची करवत. मागून अर्जुनराव. वीणा भामाबाईच्या गळ्यात होती. अर्जुनराव म्हणाले, मावशी, भजन शाळेच्या ओट्यावर न्या, पुढचं तिथं करा, आमचं काम होऊ द्या. आम्ही टाळ वाजवत होतो, आवाज बारीक झाला. वर नर उंबर घेऊन आला होता आणि माणसं बघून शेजारच्या फांदीवर अडून बसला होता.

भामाबाईनं गळ्यातली वीणा काढली. मला वाटलं, हरली. ती चार पावलं चालली, अर्जुनरावांच्या पाया पडली आणि वीणा त्यांच्यापुढं धरली.

सगळी कॉलनी बघत होती. अर्जुनरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, चपला काढल्या आणि वीणा घेतली.

पुढचा पहारा माझा होता. यादीत नाव होतं, धोंडीराम, दहा ते बारा. दहा वाजले. अर्जुनराव माझ्याकडं बघायला लागले. मला उठायला हवं होतं, चाळीस वर्षांत मी पहारा चुकवलेला नव्हता. शिवाय मी वीणा घेतली असती तर अर्जुनराव सुटले असते, लिंब पडला असता आणि मंडप झाला असता, मलाही हवा होता तोच मंडप. मी मांडी घट्ट केली आणि टाळ वाजवत राहिलो. देवाची क्षमा मनात मागितली. दुसरंही कुणी उठलं नाही.

अकरा वाजले. चेअरमनच झाडाखाली उभे, म्हणून सुग्रीवची माणसं लिंबाच्याच सावलीत आडवी झाली. सगळं निवलं तसा नर खाली आला आणि फटीशी बसला. अर्जुनराव ढोलीसमोरच उभे होते, हलता येत नव्हतं, बघण्यावाचून इलाज नव्हता. चोच बाहेर आली, फळ घेऊन गेली. नर गेला. पुन्हा आला. माझ्या मोजणीत तो नऊ वेळा आला. सहाव्या खेपेनंतर अर्जुनरावांच्या ओठांवरचं नाम थांबलं होतं.

"आत कोण हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाळंतीण," भामाबाई म्हणाली.

वर नर फळ देऊन उडाला. मग अर्जुनराव मान न वळवता म्हणाले, "सुग्रीव, मशीन गाडीत टाक. आन् धोंडीबा, लई झालं आता, ऊठ की."

मी उठलो. त्यांच्या पाया पडलो, ते माझ्या पडले. वीणेची तार त्यांच्या घामानं ओली झाली होती.

नारळ झोक्यांच्या कोपऱ्यात फुटला. मंडप झाला, जरा लहान झाला, बाहेरची माणसं अजून उन्हात बसतात. मे सरता सरता मादी दार फोडून बाहेर आली, आणि मृगाच्या तोंडावर दोन पिल्लं फांदीवर बसलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली. सुग्रीवही आला होता बघायला. पुढच्या सभेत ठराव झाला, की संस्थेच्या बागेतलं हिरवं झाड सभेत मोठ्यानं वाचून विचारल्याशिवाय तोडायचं नाही. भामाबाईनं तो बद्रीनाथला दोनदा वाचायला लावला, चहा थंड होऊ दिला आणि मग सही केली.

त्यानंतर तीन वर्षांनी ती गेली. बागेत तिच्या नावाची पाटी नाही, तिला आवडलीही नसती. म्हणून तुम्हाला सांगतो. लिंबाखालून जाल तेव्हा घडीभर थांबा, वर बघा आणि भामाबाईला आठवा. तेवढं माझ्यासाठी करा.