ताडपत्रीचा चौथा कोपरा

मध्यान्हीचे मरुस्थल. सुवर्णधूसर वाळूच्या लाटांमागून लाटा, आणि वर तप्त, निर्मेघ, निर्दय आकाश. क्षितिजापर्यंत झाड म्हणून नव्हते. तिघांना उतरवून जीप पाणी आणायला गेली होती. ती आता संध्याकाळीच परतणार. तोवर सावली आपली आपणच उभी करायची होती.

निळी ताडपत्री उलगडली, बांबू उभे राहिले. एका बाजूला श्रीरंग, दुसऱ्या बाजूला वैदेही, कॉलेजपासून त्याच्याबरोबर डोंगर चढलेली मैत्रीण. आणि रेवती, त्याची नवी नवरी, दोराचे भेंडोळे छातीशी धरून नुसती उभी.

तो न पाहता हात मागे करी. वैदेही न बोलता त्यात दोर ठेवी. त्याने गाठ मारावी, तिने ओढून पाहावी. तिने मारावी, त्याने ओढून पाहावी. कड्याकपारींतली ही त्यांची जुनी रीत. रेवती मत्सराने पाहत होती. आपल्याला त्याच्या चहातली साखर ठाऊक, आणि हिला त्याचा श्वास ठाऊक!

"चौथा कोपरा माझा," ती म्हणाली आणि लोखंडी मेख ठोकू लागली.

"अगं, वाळूत मेख नाही धरत," वैदेही हसली. "पिशवीत वाळू भर, दोर बांध आणि खोल पुरून टाक. आम्ही दोघं तसंच करतो."

आम्ही दोघं! ते दोन शब्द उन्हाहून अधिक भाजले. रेवतीने मेख अधिकच त्वेषाने ठोकली, दोर आवळला. तिची गाठ मात्र कुणीच ओढून पाहिली नाही.

सावली पडली. तिघे टेकतात न टेकतात तोच वारा उठला. तांबूस, धूलिधूसर, उन्मत्त वारा. ताडपत्री फुगली, थरथरली, चौथ्या कोपऱ्याची मेख अलगद उपटून आली. रेवतीने झेप घेऊन दोर पकडला. तळवे सोलवटले, तरी तिने तो सोडला नाही. आपण धरू, एकटीने धरू. त्याने एकदा पाहावे तरी!

धुळीने डोळे मिटलेला श्रीरंग ओरडला, "वैदेही, धर! सोडू नकोस!"

वैदेही तर त्याच्याच शेजारी उभी होती.

रेवतीच्या तळव्यांतली आग उरात गेली. त्या नावाला तिने ओ का द्यावी? एकेक बोट करीत, सावकाश, तिने मूठ उघडली.

ताडपत्री उसळली, बांबू कोसळले, निळी सावली वाळूवरून धावत धावत विरून गेली. आणि तिघांच्या माथ्यावर आता सारखेच ऊन होते; सारखे, अखंड, निःशब्द ऊन.